पोटाला हात लावून पाहा

कुंदाबाईला आपल्या पोटात काय आहे ते वैद्याच्या आणि डॉक्टरच्या खूप आधी उमगलं होतं. पण ते कोणाला पटवता येईना, आणि त्यापायी त्या वर्षी तिची जीभ इतकी कडू झाली की विहिरीवर बाया तिच्या शेजारी घागर ठेवायला कचरू लागल्या.

अर्जुनी मोरगावपासून दोन कोसांवर, तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीच्या एका गावात तिचं घर होतं. गावाला लागून तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या आणि थोडा ऊस. तलाव आपल्या पणज्यानं बांधला, असं तिचा नवरा मनिराम पाहुण्यांना हटकून सांगायचा. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन सहा वर्षं झाली होती. तलाव सरकारजमा झाला, पण त्याचा बांध आता कोणी दुरुस्त करायचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मनिराम दर महिन्याला नवा अर्ज लिहून घेई आणि तहसिलीत देऊन येई. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. फक्त बायकोच्या दुखण्याचं बोलणं निघालं की त्याला बांधावरचं एखादं काम आठवे.

कुंदाबाई बेचाळीस वर्षांची होती. शहाणी झाल्यापासून दर महिन्याला तिची कंबर तुटायची, ओकाऱ्या व्हायच्या, अंगावरून इतकं जायचं की बाहेर बसण्याचे तीन दिवस ती भिंतीला पाठ लावून डोळे मिटून काढी. एक मुलगी झाली, सुलोचना. त्यानंतर सोळा वर्षांत दुसरं मूल नाही. बाईच्या जातीला हे असतंच, असं तिला थोरल्या बहिणीने सांगितलं, सासूने सांगितलं, आणि तिनेही ते मानून घेतलं. पण गेल्या दिवाळीपासून जे सुरू झालं ते निराळं होतं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. घडीघडी लघवीला जावंसं वाटे. ओटीपोटात डाव्या अंगाला सारखं काहीतरी ओढे. हातपाय वाळत चालले आणि पोट तेवढं पुढे येत गेलं. लुगडी तीच होती, पण निऱ्यांना कापड पुरेना.

हे तिने आधी पाहिलं होतं. चार वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण शांतीबाई अशीच गेली. तिला आधी वायू म्हणाले, मग कोणी करणी केली म्हणाले, मग देवीचं काही राहिलं म्हणून कोंबडं दिलं. शेवटी पोट एवढं झालं की तिला कुशीवर वळवायला दोघी लागत. एका डॉक्टरने सुई घालून बादलीभर पाणी काढलं, आठ दिवसांत ते पुन्हा भरलं. शेवटचे दोन महिने कुंदाबाईनेच तिचं अंग पुसलं होतं. ओलं फडकं फिरवताना आत हाताला लागणारा तो टणक गोळा तिच्या बोटांना अजून आठवत होता. आणि त्याहून मागे, कुंदाबाई दहा वर्षांची असताना, त्यांची आई. आईचंही पोट असंच वाढलं होतं. माहेरच्या गावात अजून सांगत, की ती पोटुशी होती आणि बाळंत न होताच गेली. दोघी बहिणींनाही ते खरं वाटायचं, शांतीबाईचं पोट वाढेपर्यंत.

माघातल्या एका सकाळी कुंदाबाई नवऱ्याला म्हणाली, "माह्या पोटात गोळा हाय. शांतीबाईले होता तसाच."

मनिराम वहाणा झटकत होता. "कायले असं अभद्र बोलून राहिली? गॅस झाला असंल. रात्री लाखोरीची डाळ खाल्ली नं तू?"

"हात लावून पाहा."

"मी काय वैद्य हाय?" तो म्हणाला आणि खांद्यावर कुदळ टाकून बाहेर पडला.

वैद्य म्हणजे गावातलेच केशोराव. संध्याकाळी ते आले, पाटावर बसले, कुंदाबाईची नाडी धरून बराच वेळ छताकडे पाहत राहिले. "पोटाले हात लावून पाहा जी," ती म्हणाली. केशोरावांनी मनिरामकडे पाहिलं, मनिरामने जमिनीकडे. "नाडीत सगळं समजते," केशोराव म्हणाले आणि ओवा, हिंग आणि काळ्या मिठाची पूड देऊन गेले. ती पूड तिने दीड महिना खाल्ली. तोंडाला हिंगाचा वास आणि पोट होतं तिथून पुढे, एवढंच झालं.

फाल्गुनात गावच्या बायांनी तिच्या पोटाचा अर्थ आपल्या मनाने लावला. विहिरीवर तिची जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "सुलोचनाच्या मांडवात पाळनाही बांधा लागंल, असं दिसते." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कुंदाबाईने अर्धी भरलेली घागर तशीच उचलली आणि घरी आली. संतापाने तिचे कान तापले होते. पण तिचा खरा तळतळाट पुढे झाला. मनिरामच्याही कानावर ती गोष्ट गेली होती. त्या दिवशी तो बाजारातून परतला तो चिंचेचा पुडा घेऊन, आणि चुलीजवळ उकिडवा बसून हलक्या आवाजात विचारू लागला, "लोकं म्हनून राहिले, ते खरं हाय का?"

त्याच्या चेहऱ्यावर सोळा वर्षांत न पाहिलेली आशा होती. कुंदाबाईला त्याची कीव आली आणि रागही आला.

"महिन्यातून दोन-दोनदा अंगावर जाऊन राहिलं," ती म्हणाली. "पोटुशी बाईले असं होते का? तुमाले एवढंही नाई समजत?"

मनिराम उठला. चिंचेचा पुडा चुलीपाशी तसाच राहिला.

त्यानंतर मात्र तो तिला अर्जुनीला घेऊन गेला. बाजाराच्या कडेला भैयाजी डॉक्टर बसत. पूर्वी कुठेतरी कंपाउंडर होते म्हणत, आता त्यांच्या दारावर स्वतःची पाटी होती. कुंदाबाई त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली, आणि भैयाजींनी तिच्या डोक्यावरून मनिरामला विचारलं, "इनको क्या तकलीफ है?"

"गॅस," मनिराम म्हणाला.

"गॅस नाई, गोळा हाय," कुंदाबाई म्हणाली. "माह्या बहिणीले होता, मायले होता."

भैयाजी हसले, तेही मनिरामकडे पाहूनच. "उमर बदल रही है. पाळी जायची वेळ आली की बायांना असंच वाटते. कोणी मेलं घरात, की आपल्यालेही तेच झालं."

"पोटाले हात तं लावून पाहा."

"बाई, पंधरा सालापासून प्रॅक्टिस करून राहिलो मी. चेहरा पाहून समजते." त्यांनी तिच्या दंडात एक सुई टोचली आणि लाल औषधाची बाटली मनिरामच्या हातात दिली.

तशा तीन बाटल्या झाल्या. चैत्र गेला, वैशाख गेला. कुंदाबाईला बसल्या जागेवरून उठताना जमिनीला हात टेकावा लागू लागला. ती सगळ्यांवर डाफरू लागली. सुलोचनाने भाकर करपवली तर तिला, शेजारणीने विस्तव मागितला तर तिला. आणि डाफरून झाल्यावर तिला स्वतःचीच चीड येई, कारण ज्यांना बोलायला हवं होतं त्यांना बोलून काही होत नव्हतं.

ज्येष्ठात तलावाच्या बांधाच्या बुडाशी ओल दिसली. पाऊस तोंडावर आलेला. मनिराम आणि त्याचा भाऊ पुनाराम चार माणसं घेऊन तिथेच ठाण मांडून बसले, माती काय, गवताच्या पेंढ्या काय. चौथ्या दिवशी कुंदाबाई स्वतः शिदोरी घेऊन बांधावर गेली. तेवढं चालताना ती तीनदा बसली. मनिराम हात धुऊन जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली,

"वल दिसली कवा?"

"सोमवारी. हातभर जागा होती. पाहूनच समजलं, आतून पाझरून राहिलं."

"मंग चार दिवस घरी नाई आले तुमी. कोनी म्हटलं नाई का, गॅस असंल म्हून?"

मनिरामचा हात भातात तसाच राहिला. पुनाराम दुसरीकडे बघू लागला. कुंदाबाईने तिथेच, बाभळीच्या आडोशाला, नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात लुगड्यावरून आपल्या पोटावर दाबला. डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली. मनिरामने हात ओढून घेतला नाही. मग तो म्हणाला, "उद्या गोंदियाले जाऊ."

अर्जुनीहून अरुंद रुळांची छोटी गाडी सकाळी निघे आणि गोंदियाला पोचेपर्यंत दुपार करी. स्टेशनाच्या पलीकडे बायांसाठी काढलेला एक छोटा धर्मादाय दवाखाना होता. तिथे पुष्पाबाई म्हणून डॉक्टरीण होत्या, रायपूरकडच्या, पन्नाशीला टेकलेल्या, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी मनिरामला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"अब आप बताओ," त्या म्हणाल्या.

माघापासून जे कुंदाबाई सगळ्यांच्या मागे लागून सांगत होती ते आता कोणीतरी विचारत होतं. मग एकदा सुरू झाली ती थांबेना. पुष्पाबाई ऐकत होत्या आणि लिहीत होत्या. पाळी कधी आली, कशी येते, दुखतं किती, मुलं किती, आई कशाने गेली, किती वर्षांची होती, बहीण किती वर्षांची. मग त्यांनी तिला टेबलावर निजवलं, हात गरम पाण्यात धुतले आणि वरून आणि आतून तपासलं. दुखलं. पण कुंदाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं. एवढंच तर करायचं होतं, तिच्या मनात येत होतं, एवढंच.

पुष्पाबाईंनी तिला उठवून बसवलं. "गर्भपिशवीच्या दोन अंगांना दोन अंडाशयं असतात, बदामाएवढी. तुमच्या डाव्या अंडाशयावर गाठ आहे, नारळाएवढी. ती साधी असेल किंवा वाईट असेल. वरून कोणालाच सांगता येत नाही. काढूनच पाहावी लागते. इथे ते होणार नाही, नागपूरला जावं लागेल. आणि लवकर."

मनिरामला आत बोलावलं तेव्हा त्याला धानाची लावणी आठवली. "आता रोवना तोंडावर हाय, बाई. पऱ्हे टाकले. रोवना झाला का जाऊ."

पुष्पाबाई काही बोलणार तेवढ्यात कुंदाबाईच बोलली. "तुमी रोवना करा. मी पुनाराम भाऊजींसंग जाईन."

रोवना पुनारामने केला. मनिराम नागपूरला गेला आणि मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर सव्वीस दिवस राहिला. गाठ निघाली. तिच्यासोबत दोन्ही अंडाशयं आणि पिशवीही काढली. टाके सुकत आले तेव्हा मोठे डॉक्टर खाटेपाशी येऊन म्हणाले, की गाठ कॅन्सरची होती, पण फुटली नव्हती, आजूबाजूला काही दिसलं नाही, म्हणजे वेळेवर आलात. आणखी चार-सहा महिने गेले असते तर आम्हाला काही करता आलं नसतं. तपासायला मात्र येत राहा.

मनिरामने हात जोडले. कुंदाबाईला हात जोडावेसे वाटले नाहीत. वेळेवर, हा शब्द तिला टोचला. शांतीबाई दहा महिने घरात आणि देवळात फिरली होती. केशोरावांच्या पुडीचे दीड महिने, भैयाजींच्या तीन बाटल्या, विहिरीवरचं हसणं, हे सगळं मोजून जर ती वेळेवर आली असेल, तर ते कोणाच्या शहाणपणाने नव्हतं. ती जगली याचा आनंद तिला हळूहळू झाला, पण राग आधी आला आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

परतीच्या वाटेवर गोंदियाला उतरून ती पुष्पाबाईंना भेटली.

"शांतीबाईले आनलं असतं तं?" तिने विचारलं.

पुष्पाबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय माहीत. शायद."

"तिची पोरगी हाय. रुख्मा. माही पन हाय एक."

"ज्या घरात आईला झालं, दोन बहिणींना झालं, तिथल्या लेकींना धोका जास्त असू शकतो. अशी घरं पुस्तकांत लिहिलेली आहेत. पण कोणाला होईल आणि कोणाला नाही, ते आधी कळायची काही सोय नाही. रक्त पाहून कळत नाही, फोटो काढून कळत नाही. साल में एक बार आतून तपासायचं. तेही पुरतं, असं मी खात्रीने नाही सांगणार."

"मंग तुमच्या पुस्तकाचा उपयोग काय?"

पुष्पाबाईंना राग आला नाही. "कम है," त्या म्हणाल्या. "पण लेकींना घेऊन या."

घरी आल्यावर कुंदाबाईने हे मनिरामला सांगितलं आणि पहिल्यांदा त्याने तिच्यावर आवाज चढवला. "सुलोचनाचं लगन ठरून राहिलं. असा रोग घरात हाय म्हून बोंब मार, कोन नेईल तिले? लगन होऊ दे, मंग बोल काय बोलाचं ते."

या बोलण्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच कुंदाबाईला ते सहन होईना. सुलोचनाच्या बाबतीत ती गप्प बसली. आपण गप्प बसलो याचं तिला पुढे कायम वाईट वाटलं. पण रुख्माचं लग्न झालेलं होतं, तिथे तोंड बांधून ठेवायचं कारण नव्हतं.

रुख्मा चोवीस वर्षांची, सडक अर्जुनीजवळ दिलेली. तिला दोन वर्षांची मुलगी होती, आणि पाळीच्या दिवसांत ती अंगाची जुडी करून पडायची, अगदी मावशीसारखी. कुंदाबाई टाके भरल्यावर महिन्याने तिच्या सासरी गेली आणि रुख्माच्या सासूला, गीताबाईला, ओसरीवर बसून सगळं नीट सांगितलं. गीताबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"इहीनबाई, तुमाले झालं, तुमच्या बहिणीले झालं. आमच्या सुनेले कायले लावता? ते आमच्या घरची हाय आता."

"मी लावून नाई राहिली. एकदा तपासून आनू म्हन्ते."

"चांगल्या बाईले दवाखान्यात नेऊन आतून हात घालाचे? लोकं काय म्हनतील?"

रुख्माचा नवरा खुशाल दाराशी उभा होता. तो शाळा शिकलेला, सातवी पास. कुंदाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो आईकडे पाहून आत निघून गेला.

कार्तिकात गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली आणि रुख्मा चार दिवसांसाठी मावशीकडे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईने तिला कोणाला न सांगता छोट्या गाडीत बसवलं. गोंदियाच्या दवाखान्यात मात्र पुष्पाबाई नव्हत्या. त्या नोकरी सोडून रायपूरला गेल्या होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती, नुकतीच शिकून आलेली, घाईत असलेली.

"चोवीस वर्षांची मुलगी," ती कागदावरून नजर न उचलता म्हणाली. "हा रोग पन्नाशीचा. तुम्ही उगीच तिच्या डोक्यात भरवताय. पाळीत दुखतं ते सगळ्यांनाच."

"तुमच्याआधीच्या बाईनं सांगतलं होतं."

"त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. पुढच्या बाईला पाठवा."

कुंदाबाई उठली नाही. "पोटाले हात लावून पाहा, मंग सांगा काही नाई म्हून. तोवर मी इथंच हाव."

ती खरंच तिथेच बसली. दहा वाजल्यापासून दीड वाजेपर्यंत, बाकाच्या टोकाला, रुख्माचं मनगट धरून. रुख्मा दोनदा म्हणाली, "चाल ना वो मावशी, लोकं पाहून राहिले." सगळ्या बाया गेल्यावर डॉक्टरणीने हात धुतले, एक सुस्कारा टाकला आणि रुख्माला आत नेलं. तपासलं नीट, घाई न करता. बाहेर येऊन म्हणाली, "आज काही हाताला लागत नाही."

"आज नाई, म्हंजे उद्या?"

"उद्याचं मी कसं सांगू, बाई? वर्षाने आणा."

गाडीत रुख्मा हलकी होऊन खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या मते विषय संपला होता. कुंदाबाईला मात्र वर्षाने पुन्हा हेच, त्याच्या पुढच्या वर्षीही हेच, असं दिसत होतं. आणि दर वेळी आधी कोणाची तरी समजूत घालायची, तेव्हा कुठे हात लागणार.

बातमी गीताबाईपर्यंत पोचायला पंधरा दिवसही लागले नाहीत. पुढच्या वैशाखात सुलोचनाचं लग्न झालं, त्याला रुख्माच्या घरून कोणी आलं नाही. त्या वर्षी मंडईलाही रुख्माला पाठवलं नाही. कुंदाबाई स्वतः गेली तर गीताबाईने पाण्याचा लोटा दिला आणि बसा म्हटलं नाही. रुख्माच आतून म्हणाली, "मी बरी हाव, मावशी. तू कायले येवढी तगतग करतं?"

कुंदाबाई तशीच परतली. त्या दिवशी तिने ठरवलं की आता पुरे, आपलं आपण जगायचं. ते ठरवणं दोन-चार दिवस टिकलं.

त्याच्या पुढच्या वर्षी भाद्रपदात खुशाल सायकल मारत तिच्या दारात आला. पाण्याचा तांब्या त्याने एका हाताने तोंडाला लावून रिकामा केला. "रुख्माले दीड महिन्यापासून लय दुखून राहिलं," तो म्हणाला. "उजव्या अंगाले. माय म्हन्ते वायू हाय."

"आनि तू काय म्हन्तं?"

"मी हात लावून पायलं. काईतरी हाय."

कुंदाबाईच्या तोंडाशी दोन वर्षांचं सगळं आलं. शिव्याही आल्या. पण समोरचा माणूस घामाने निथळत होता आणि सायकल भिंतीला न लावता हातातच धरून होता. ती आत गेली, पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि त्याच्याबरोबर निघाली.

गोंदियाला तीच तरुण डॉक्टरीण होती, आता थोडी जाड झालेली. तिने कुंदाबाईला ओळखलं आणि न बोलता रुख्माला टेबलावर घेतलं. उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. चिठ्ठी घेऊन तिघं नागपूरला गेले. गाठ काढली, एक अंडाशय ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की ही ती गाठ नाही. पाळीचं जुनं रक्त साचून झालेली आहे, दर महिन्याचं दुखणं त्याचंच. पण घरातला इतिहास पाहता हिला दर वर्षी तपासायला हवं, न चुकता.

खुशाल व्हरांड्यात बसून रडला. कुंदाबाई त्याच्या शेजारी बसली, पण तिला रडू आलं नाही. तिला झोप येत होती.

रुख्माला घरी पोचवायला ती सोबत गेली. गीताबाईने सुनेला खाटेवर निजवलं, कढत पाणी दिलं, आणि मग ओसरीवर येऊन म्हणाली, "डाक्टरनं काय सांगतलं, वाईट काई नाई म्हून नं? मंग उगंच पोट फाडलं पोरीचं. मी म्हनतच होती."

"वाईट निंघाली असती तं तुमी मले खरी म्हटलं असतं, इहीनबाई," कुंदाबाई म्हणाली. "मले तसं खरं व्हाचं नोहतं." मग ती खुशालकडे वळली. "पुढच्या साली भाद्रपदात. मी येईन घ्याले, नाई आली तं तू ने."

"नेतो," खुशाल म्हणाला, आईकडे न पाहता.

गीताबाईने पान वाढलं. कुंदाबाई जेवली, हात धुतले आणि दुपारच्या मोटारीसाठी सडकेवर येऊन उभी राहिली. सुलोचनाच्या सासरी अजून कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. मोटार त्याच गावावरून जात होती, आणि सुलोचनाची सासू कशी बोलेल ते कुंदाबाईला आताच ऐकू येत होतं.